दुसरी खुर्ची
गरोदर बायकांच्या तपासणीच्या त्या दवाखान्यात एक रीत होती. रिपोर्ट चांगला असला की डॉक्टरीणबाई फोनवरच सांगत. बाळात दोष निघाला, तर टेबलासमोर दुसरी खुर्ची आणि पाण्याचा पेला ठेवला जाई. आत गेलेलं जोडपं मूल ठेवायचं की नाही हा प्रश्न घेऊन बाहेर पडे. ही मांडामांड मदतनीस पोरीची. तिलाही चौथा महिना लागला होता, रक्त तपासायला दिलं होतं. आज बाई मान वर न करता म्हणाल्या, "खुर्ची ठेव." "कुणाचं नशीब फुटलं, कोण जाणे," पुटपुटत तिनं खुर्ची पुसली, पेला भरला आणि दार उघडलं. बाहेर बाकावर तिचा नवरा बसला होता. "बाईंनी बोलावलंय," तो म्हणाला, "तुला सांगू नका म्हणाल्या." "दोघंही बसा," आतून बाई म्हणाल्या. तिनंच भरलेला पेला त्यांनी पुढे सरकवला.