पाच शिक्के

मुलाचे वडील हंबीरराव खुर्चीत बसलेच नाहीत. उभ्या उभ्या त्यांनी तीन पाकिटं अंबादासपुढं टाकली.

"पावणं, पोरगी द्यायची न्हवती तर तोंडानं सांगायचं. पत्रं कशापायी परत धाडली?"

अंबादासनं पाकिटं उचलली. शाहूवाडीकडची ही मंडळी त्याच्या मुलीला, पद्मजाला पाहून गेली त्याला दीड महिना झाला होता. चार स्थळांना नाक मुरडलेली पोर या मुलाला मात्र पहिल्या भेटीतच हो म्हणाली होती. तेव्हापासून घराचे कान पोस्टमनच्या घंटीकडं. त्याच्या बायकोनं, कालिंदीनं तर होकार येईपर्यंत चहा सोडला होता, आणि रोज दुपारी तिचं कपाळ ठणकायचं. अंबादास शहरातल्या मोठ्या पोस्टात पत्रं वेगळी करायला बसायचा. त्यांच्या राजारामपुरीचं प्रत्येक पत्र त्याच्याच हाताखालून जायचं. आलं नाही म्हणजे नकारच, असं त्यानं घरात सांगूनही टाकलं होतं.

त्यानं एक पाकीट उलटवलं. पाठीवर सहा गोल शिक्के. खाली तांबड्या शाईत शेरा : 'शिक्के पाचाच्या वर. पत्र फिरत आहे. परत.'

अंबादासनं पाकीट झटकन सुलटं केलं.

मागं एक पत्र दोन पोस्टांच्या मध्ये गरगरत राहिलं होतं. हे म्हणायचे तुमचं, ते म्हणायचे तुमचं. पाठीवर तेवीस शिक्के घेऊन ते परत आलं तेव्हा साहेब भडकले. तोड अंबादासनंच काढली : वाटेतलं प्रत्येक पोस्ट शिक्का मारतंच, पाचाच्या वर गेले की पत्र चकरा मारतंय समजायचं, शेरा मारायचा आणि परतीच्या पेटीत टाकायचं. साहेबांनी पाठ थोपटली. त्या दिवसापासून तो पाकिटं पालथी घालून शिक्केच मोजायचा. पुढचा पत्ता वाचायचं काही कारणच उरलं नव्हतं.

"फिरतंय म्हणं," हंबीरराव म्हणाले. "अवो, सरळच येतंय की ते. आमच्या डोंगरातनं हितवर पोस्टंच सा लागत्यात. तिन्ही येळंला होकार लिवला हुता. आता हे अक्षर कुणाचं तेवढं कळू द्या, मग सुपारीचं बघू."

अंबादास चहाचं बघतो म्हणून आत सटकला. जन्मात कधी स्टोव्ह पेटवला नव्हता. चार काड्या गेल्या. आधण ठेवून त्यानं बोटांवर पोस्टं मोजली. खरंच सहा. उद्या गेल्या गेल्या पाचाचे दहा करायचे, त्यानं ठरवून टाकलं.

बाहेर कालिंदी पाकीट निरखत होती. बावीस वर्षं वाण्याच्या याद्या तिनं त्याच अक्षरात वाचल्या होत्या, आणि खोटं तर ती देवाशपथ कधी बोलायची नाही. अंबादास दाराआडून तिला हात जोडत होता.

तिनं तिन्ही पाकिटं देवापुढं ठेवली, हळदकुंकू वाहिलं.

"आत चहा करायला लागलेत ना, त्यांचंच," ती हळूच म्हणाली, आणि आत वळून, "अहो, आज माझाही कप टाका."