नावांना बसेल असा नियम

मिलमधून कमी करायची नावं मॅनेजरसाहेबांनी ठरवून टाकली होती, अडलं होतं ते फक्त कारणावाचून. "सुजयभिया, तुझ्या कॉम्प्युटरलाच विचार ना!" ते ऑफिसात कॉम्प्युटर चालवणाऱ्या सुजयला म्हणाले.

सुजयनं प्रोलॉग नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहिलेल्या प्रोग्रामला नियम दिला की तो नावं काढायचा, आणि नावं दिली की त्यांना बसणारा नियमसुद्धा. यादीतल्या अख्ख्या बुनाई खात्याची नावं भरताना सुजयनं तिथंच मागावर काम करणाऱ्या आपल्या बाबांचं नाव गुपचूप वगळलं. कॉम्प्युटरनं इमानदारीत नियम काढला: ज्यांच्या मुलांना कॉम्प्युटर येत नाही, ते सगळे बाहेर.

"वा, एकदम साइंटिफिक है!" म्हणत साहेबांनी नोटीस लावली, सोमवारपासून लागू.

सुजय मान खाली घालून घरी आला, तर दारात चपलांचा ढीग आणि आत खात्यातल्या सगळ्यांची पोरं.

 

"आलास? बस," बाबा अभिमानानं म्हणाले, "मी सगळ्यांच्या बापांना शब्द दिलाय, सोमवारच्या आत माझा सुजय शिकवेल."