बेल्ह्याचा फोरमन

पप्पूने लॅपटॉपच्या पडद्याकडे पाहिलंच नाही. शेजारी उभी असलेली गॅरेजची इंजिनियर रोहिणी बोलत होती तेवढा वेळ तो गॅरेजमालक भरतकडे बघत राहिला, जणू आवाज भरतच्याच तोंडातून येत होता.

"ती काय म्हणती?" तिचं बोलून झाल्यावर त्याने विचारलं.

भरतने घसा खाकरला. मॅडम पॉवर जरा कमी करायची म्हणतायत, असं त्याने चाचरत सांगितलं.

पप्पू हसला. बोरी बुद्रुकच्या बागायतदार हौशीरामांचा हा धाकटा मुलगा. आपली लाल टर्बो गाडी त्याने ओतूरला भरतकडे आणली होती ती पॉवर वाढवून घ्यायला. दोन आठवड्यांनी दक्षिणेतल्या एका ट्रॅकवर वीस मिनिटांची शर्यत होती. त्याच्या सहा मित्रांकडेही तसल्याच गाड्या होत्या आणि पप्पूची गाडी जिथे तयार होईल तिथेच आपल्या न्यायच्या, असं त्यांचं ठरलं होतं.

"बाईमाणसाला गॅस बारीक करायची सवय," तो म्हणाला. "हितं बी तेच."

भरतही हसला. गिऱ्हाईक हसलं की त्याला हसावं लागायचं.

रोहिणीने आलेख पुन्हा पुढे सरकवला. कालच्या चाचणीत गाडी सलग पाच वेळा पळवली होती. पहिल्या वेळी इंजिनात जाणारी हवा एकेचाळीस अंश होती, पाचव्या वेळी बहात्तर. तेवढ्या गरम हवेत पेट्रोल वेळेआधीच पेट घेऊ लागलं होतं आणि गाडीचा संगणक घाबरून स्वतःच पॉवर कापत होता.

"आत्ता पहिल्या फेरीत तुम्हाला दोनशे घोडे मिळतात, पाचव्या फेरीत एकशे साठ," ती म्हणाली. "मी पहिल्यापासून एकशे ऐंशी देते. ते विसाव्या मिनिटालाही एकशे ऐंशीच राहतील."

त्यासाठी टर्बोचा दाब कमी करायचा, हवा थंड करणारा इंटरकूलर मोठा बसवायचा, ऑइलला वेगळा कूलर द्यायचा, ब्रेकचं ऑइल नवं भरायचं आणि शर्यत संपल्यावर एक फेरी सावकाश मारून गाडी निववायची. तिने एवढंच सांगितलं, याच क्रमाने.

पण पप्पूचं सगळं गणित बैलगाडा शर्यतीच्या घाटावरचं होतं. बारा सेकंदांत गाडा वर, भंडारा उधळला, संपलं. वीस मिनिटं म्हणजे मधे न थांबता शंभर वेळा बारा सेकंद, हे मावायला त्याच्या डोक्यात जागा नव्हती. जागा होती ती सगळी आवाजाने भरलेली होती.

"भरतभाऊ, इंजिनाचं काम गड्याचं असतंय राव," तो म्हणाला.

"मग बेल्ह्याला धर्माजी फोरमनकडे न्या," रोहिणी शांतपणे म्हणाली. "ते गडी आहेत."

पप्पूला ते झोंबलं. त्याने किल्ली उचलली आणि खरोखरच बेल्ह्याची वाट धरली.

गाडी दिसेनाशी झाल्यावर भरत तिच्याकडे वळला. गिऱ्हाइकाशी जरा गोड बोलायला काय जातं, असं त्याने विचारलं. बाईला इंजिनाला हात लावू देणारं दुसरं गॅरेज या तालुक्यात नाही, याचीही आठवण करून दिली. "त्या सहा गाड्या गेल्या तर तुमचं बी कठीण हाय, मॅडम."

रोहिणीने मान हलवली आणि लॅपटॉप मिटला.

शर्यतीनंतर चौथ्या दिवशी पप्पू परत आला. काम नव्हतं, नुसता दाखवायला आला होता. दुसरा नंबर. त्याच्याहून ताकदीच्या दोन गाड्या धूर सोडत कडेला उभ्या राहिल्या होत्या, याची गाडी मात्र विसाव्या मिनिटालाही पहिल्यासारखी पळत होती.

मग त्याने धर्माजींची गोष्ट सांगितली. पांढरी टोपी, पांढऱ्या मिशा. गाडीभोवती तीन चकरा मारल्या, बॉनेटवर तळवा ठेवला, डोळे मिटले. घाटाचा बैल दिवसभर नांगराला जुंपला तर दुपारीच बसतो, एवढंच बोलले. गाडी दोन दिवस ठेवून घेतली. टर्बोचा दाब कमी केला, इंटरकूलर मोठा बसवला, ऑइलला वेगळा कूलर दिला, ब्रेकचं ऑइल नवं भरलं, शर्यत संपल्यावर एक फेरी सावकाश मारायला सांगितली.

क्रमसुद्धा बदलला नव्हता. भरतच्याही ते लक्षात आलं. तो हातातला पाना उगाच पुसत राहिला.

"हेच मी सांगितलं होतं," रोहिणी म्हणाली.

पप्पूने पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिलं.

"तुमी वाचून सांगितलं व्हतं," तो म्हणाला. "त्यांनी नुसता हात लावून सांगितलं."

जाताना त्याने भरतला कळवलं की सहाही मित्र आत्ताच गाड्या घेऊन बेल्ह्याला गेलेत, आणि धर्माजींनी सांगितलेले पैसे इथल्यापेक्षा दुप्पट असले तरी कुणी कुरकूर केली नाही. विद्येचे पैसे असतात, असं त्याचं म्हणणं पडलं.

भरतने संध्याकाळपर्यंतही वाट पाहिली नाही. चूक तिची नव्हती हे तो कबूल करत होता, पण गिऱ्हाइकाला पटत नसेल तर खरं बोलणाऱ्या माणसाचं तो करणार काय. "उद्यापासून येऊ नका," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "लॅपटॉप तेवढा ठेवून जा."

रोहिणीने लॅपटॉप ठेवला, किल्ल्या ठेवल्या आणि स्कूटी काढली. तिला निरोप द्यायला कुणी बाहेर आलं नाही.

बेल्ह्याच्या बैलबाजाराच्या मागे पत्र्याची शेड होती. पुढे सहा गाड्या ओळीने लागल्या होत्या. त्यांचे मालक रस्त्यापलीकडे चहा पीत, फोरमनचा हात कसा चालतो ते एकमेकांना सांगत होते. धर्माजी खुर्चीत डोळे मिटून बसले होते.

स्कूटीचा आवाज ऐकून ते उठून उभे राहिले, टोपी नीट केली आणि आवाज खाली आणला.

"मालकीणबाई, सहाच्या सहा आल्यात. कुणाला काय बोलायचं तेवढं सांगून ठेवा."