आईचं पांघरूण

चुलतभावांनी थडग्याच्या तोंडावरचा दगड सारला आणि आईचं गाठोडं आणून अंगणातल्या चटईवर ठेवलं. आई जाऊन तीन वर्षं झाली होती. आता रीतीप्रमाणे हाडं पुसायची, नव्या कापडात गुंडाळायची आणि परत कातळातल्या थडग्यात ठेवायची. गाठ सोडायला अगिनाया खाली बसली, आणि तिचे हात थांबले.

वरचं पांघरूण बाजारातलं होतं. गुलाबी, गुळगुळीत, त्यावर वाघाचं तोंड.

आईला आईनंच विणलेल्या निळ्या पांघरुणात ठेवलं होतं. त्याच्या काठावर विणलेली माणसं बघूनच पूर्वज तिला आपली म्हणणार होते.

"हे कुणाचं?"

थोरला भाऊ बिनवाग विधीसाठी बांधलेल्या डुकरांच्या दोऱ्या घट्ट करू लागला.

"दादा, तुला विचारतेय."

"ओरडू नकोस. शहरातल्या एका दुकानदाराला दिलं आईचं. इथं कुजलंच असतं. आता काचेमागे आहे, लोक येऊन बघतात." त्यानं डुकराच्या पाठीवर थाप मारली. "आणि ही तीन डुकरं कुठून आली वाटतं तुला? आभाळातून पडली?"

"तू थडगं उघडलंस. एकट्यानं. पुजाऱ्याला न सांगता."

"कोंबडं कापलं होतं की!"

मागे एक मावशी फिसकन हसली.

"आणि पांघरुणावरचे ते डाग? धुतलेस?"

"छे! धुवायचंच नाही म्हणाला तो. डागांनाच तर भाव आहे. फाटलेलं मात्र घेत नाहीत."

ते डाग आईच्या अंगातले होते. अगिनायानं गाठ सोडली. हाडं कशीही कोंबलेली होती, कवटी पायांशी. एकेक हाड तिनं पुसून ओळीनं लावलं.

"झालं का गं पोरी?" म्हातारे पुजारी गुमांगान म्हणाले. "आण तुझं कापड."

दोन पावसाळे ती ते विणत होती. तिनं ते उलगडलं तशा बायका पुढे सरकल्या. बिनवागही आला. त्यानं काठ चिमटीत धरून चोळला, उलटून मागची वीण पाहिली.

"हात आहे हं तुझा," तो म्हणाला. "अगदी आईसारखा."

अगिनाया उठली. डुकरांपाशी ठेवलेला कोयता तिनं आणला आणि कापडाच्या मधोमध घातला.

"अगं, वेड लागलं का!" गुमांगान ओरडले. "फाटक्यात पाठवतेस आईला?"

"फाटक्यात तरी ती राहील, आजोबा."

ती काठापर्यंत कापत आली. सकाळपासून एकाही हाडाला न लागलेला बिनवागचा हात कापड वाचवायला पुढे आला.

"हात काढ, दादा," ती म्हणाली. कोयता थांबला नव्हता.