मालूबाईंच्या हातातलं पुस्तक

मालूबाईंनी नवं गायनपुस्तक शेवटच्या पानापर्यंत चाळलं, फटकन मिटलं आणि भर उपासनेत विचारलं, "पाळकसाहेब, माझं गाणं कुठंय?"

बुऱ्हानपूरच्या लालबागेतल्या त्या छोट्याशा लुथरन चर्चमध्ये सगळ्यांच्या माना खाली गेल्या. हसू दाबायला, दुसरं काय! पाळक निरंजन तरुण होते, बदलून नवेच आले होते, आणि नव्या पुस्तकाच्या समितीवरही होते. चकचकीत कव्हर, मोठी अक्षरं, मंडळी खूश होईल असं त्यांना वाटलं होतं. मंडळी कसली खूश होते!

"कोणतं गाणं, आजी?"

"पैलतीरी माझा सोयरा उभा. या निंबाच्या बापानं बांधलेलं. आपल्या तापीचं, नावेचं."

बाजाची पेटी वाजवायला बसलेल्या निंबाभाऊंनी भाता सोडून दिला. निरंजन म्हणाले, "ते वगळलंय, आजी. समितीला वाटलं, देवाला सोयरा म्हणणं बरं दिसत नाही."

"मग काय म्हणायचं? कलेक्टरसाहेब?"

आता मात्र कोणी हसू दाबलं नाही.

मालूबाई हसल्या नाहीत. त्यांच्या मालकांना माती देताना मंडळीनं हेच गाणं म्हटलं होतं, आणि आपल्या वेळीही हेच, सगळ्या कडव्यांसकट, व्हावं एवढं एकच मागणं त्यांचं उरलं होतं. पहिलं कडवं सगळ्यांना पाठ होतं. पुढची पुस्तकात बघितल्याशिवाय कोणाला येत नव्हती.

आणि पुस्तकं होती कुठं? या मंडळीची एक जुनी रीत. माणूस गेलं की त्याचं गायनपुस्तक त्याच्या हातात द्यायचं आणि तसंच पुरायचं. वर गेल्यावर गायला नको का! जुनं पुस्तक छापायचं केव्हाच बंद झालं होतं, रीत काही बंद झाली नव्हती. त्यामुळे चर्चमध्ये एका बाकाला एक पुस्तक, आणि कब्रस्तानात ज्याला त्याला स्वतःचं. म्हणून तर नवं छापायची वेळ आली. पण हे बोलायचं कोणी? सगळे पाळकसाहेबांवर तोंडसुख घ्यायला मोकळे.

नव्या पुस्तकाला कोणी हात लावेना. निंबाभाऊंनी तर शपथच घेतली. गठ्ठे चर्चच्या कोपऱ्यात धूळ खात पडले.

हिवाळ्यात मालूबाईंनी अंथरूण धरलं. त्यांनी निरंजनांना बोलावून घेतलं. आता म्हातारी आपल्याला फैलावर घेणार, असं मनात म्हणत ते गेले.

"पाळकसाहेब, ते नवं पुस्तक एक द्या मला," मालूबाई म्हणाल्या. "मी गेले की माझ्या हातात तेच द्यायचं. जुनं नको."

निरंजनांना भरून आलं. "आजी, खरंच?"

"खरंच. चांगलं कोरं बघून द्या."

रविवारी त्यांनी ही गोष्ट सगळ्या मंडळीला सांगितली. सांगताना आवाज जरा चढलाच. निंबाभाऊंचं तोंड कडू झालं. बाहेर आल्यावर ते म्हणाले, "घ्या! म्हातारी पण फिरली. आता माझ्या बापाचं गाणं कोण म्हणून राहिलं?"

मालूबाई गेल्या. शब्दाप्रमाणे त्यांच्या हातात नवं कोरं पुस्तक दिलं. झाकण लागलं, पेटी खाली गेली, मूठमूठ माती पडली. निरंजनांनी नव्या पुस्तकातलं गीत काढलं.

"थांबा जरा," मालूबाईंची नात तृप्ती म्हणाली. तिनं पिशवीतून आजीचं जुनं पुस्तक काढून निंबाभाऊंच्या हातात ठेवलं. "आजीनं हे वरच ठेवायला सांगितलंय. म्हणाली, सगळी गाणी खाली गेली, तर वर गाणार कोण? मला रिकाम्या हातानं जायचं नाही, तर ते नवं द्या बरोबर."

निंबाभाऊ एकदा पुस्तकाकडे, एकदा खड्ड्याकडे बघत राहिले. मग हसता हसता त्यांना रडू फुटलं. "म्हातारे, तुझी कमाल आहे!" असं म्हणून त्यांनी गाणं काढलं. एक कडवं सुटलं नाही. शेवटच्या कडव्याला निरंजनही म्हणत होते, समितीला न विचारता.

पुढच्या रविवारी आक्रीतच झालं. नव्या पुस्तकांसाठी रांग लागली. आणि रांगेत पुढे सगळी म्हातारी माणसं! गठ्ठे संपले. मालूबाईंनी शेवटी नवंच मागितलं, तेच मंडळीच्या मनाला भिडलं, असं निरंजनांना वाटलं. त्यांनी समितीला आनंदानं फोन केला, अजून पाठवा, आमच्या बुऱ्हानपूरनं स्वीकारलं.

मात्र पुढं कितीतरी रविवार गेले, चर्चमध्ये नवं पुस्तक काही दिसेना. सगळे आपले जुन्यातच डोकं घालून, एका बाकाला एक. शेवटी निरंजनांनी निंबाभाऊंना दारातच गाठलं.

"भाऊ, तुम्ही पण नवं घेतलं ना? मग चर्चला का नाही आणत?"

"आणीन ना, पाळकसाहेब," निंबाभाऊ म्हणाले. "एकदाच आणीन."