दोघींची ओटी

ते २००७ साल. बिरवाडीत आनंदीबाईंच्या चाळीच्या पडवीत पाट मांडला होता आणि पाटावर शर्मिला मान खाली घालून बसली होती. अंगावर हिरवी साडी होती, तीही आनंदीबाईंची. नवरा सुहास कारखान्यात पहिल्या पाळीला गेला आणि चाळीतल्या बायांनी तिला हाताला धरून खोलीबाहेर आणलं. तिला कोणी काही विचारलंच नव्हतं.

आनंदीबाई चाळीच्या मालकीण. त्या कधीपासून तिच्या पोटाकडे बघत होत्या. गाल बसलेले, हातपाय काटकुळे, पोट तेवढं पुढं. पोरगी लाजते, म्हणून बोलत नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं. माहेर पोलादपूरच्या पलीकडे, डोंगरात. तेव्हा डोहाळजेवण आपणच करायचं. घराघरांतून एकेक पदार्थ आला. नाक्यावरचा फोटोवाला आला. महाडहून शरिफा बांगडीवाली आपली पेटी घेऊन आली.

शरिफाचंही पोट मोठं होतं. आनंदीबाई नेहमीसारखं म्हणाल्या, की तुझ्या नवऱ्यानं, गनीभाईनं, दुबईहून आणलेलं लोणी अजून संपलेलं दिसत नाही. शरिफा हसली आणि नेहमीसारखा बिनसाखरेचा चहा मागून घेतला. थोरामोठ्यांची थेरं, असं आनंदीबाई त्या चहाला म्हणायच्या.

माप घ्यायला शरिफानं शर्मिलाचा हात दाबला आणि ती थांबली. मनगटापासून कोपरापर्यंत शिरा दोरीसारख्या वर आलेल्या. तिनं एकदा शर्मिलाच्या तोंडाकडे पाहिलं, मग लहान मापाचा हिरवा चुडा काढला आणि हळूहळू भरला.

मग आनंदीबाईंनी ओटीचा नारळ उचलला. दुसरा हात शर्मिलाच्या पोटावर ठेवला आणि आतल्या जीवाला सांगितलं, "सुखानं ये रे बाबा. खोली तुझीच हाय."

तोवर शर्मिलानं गप्प बसायचं ठरवलं होतं. बोललं की खोली जाणार. बातमी कारखान्यात पोचली की सुहासची नोकरीही जाणार. पण त्या हाताखाली कोणीच नव्हतं, आणि कोणी असावं म्हणून तिचा जीव किती वर्षं तुटत होता.

"काकी, ओटी नका भरू," ती म्हणाली. "पोटात कोण नाय. ही गोळ्यांची चरबी हाय. आम्हा दोघांना एचआयव्ही हाय."

दारातल्या एका बाईनं आपलं पातेलं तिथंच ठेवलं आणि ती निघून गेली. फोटोवाला उगाच कॅमेऱ्याची काच पुसू लागला.

गोळीनं पोट कसं वाढेल, हे काही आनंदीबाईंना पटेना. मग शर्मिलानं मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं सगळं सांगितलं. औषधाबरोबरचं पुस्तक परदेशातून आलेलं. त्यातल्या गोऱ्या बायकांच्या मापानं तिची कंबर अगदी ठीक होती. पण बाई म्हणाल्या, हे माप आपल्याला चालायचं नाही. गोऱ्यांना ही औषधं एका तऱ्हेनं बाधतात, आफ्रिकेतल्या लोकांना दुसऱ्या. आपली माणसं हडकुळी दिसली तरी चरबी पोटावर येऊन बसते आणि रक्तात साखर लवकर चढते. गोळी बदलायची, गोड बंद करायचं.

आनंदीबाईंनी सगळं ऐकून घेतलं. नारळ अजून हातातच होता.

"म्हंजे गोळीला जात कळते?"

"जात नाय कळत काकी. मुलुख कळतो."

तेव्हा शरिफा हसायला लागली. तिनं आपल्या बांगड्या वर सारल्या आणि आपला हात शर्मिलाच्या हाताशेजारी ठेवला. तशाच शिरा, तशाच वर आलेल्या.

"आनंदीबाई, ह्ये बघा माझं लोणी."

ती आणि गनीभाई दोघंही त्याच गोळ्या घेत होती. वीर स्टेशनात गाडी पकडायची, बुरखा ओढून मुंबई गाठायची, संध्याकाळी परत. घरात सुनेलाही पत्ता नव्हता. बिनसाखरेचा चहा त्यासाठीच होता.

आनंदीबाईंनी दोन्ही हात बघितले, मग दोन्ही पोटं बघितली. मग आत वळून म्हणाल्या, "दुसरा पाट आणा गो. आणि माझ्या देव्हाऱ्यातला नारळ घ्या."

मला कशाला, माझं काय वय राहिलंय, असं शरिफा म्हणू लागली.

"गप बस. एवढी वर्षं लोणी लोणी करून चिडवली तुला. ते फेडू दे." मग त्या शर्मिलाकडे वळल्या. "आणि खोलीचं मी बोलले ते बोलले."

दोघींची ओटी भरली. दोघींना वालाचं बिरडं आणि भाकरी वाढली, गोडावर बाकीच्यांनी हात मारला. निघून गेलेली बाई पातेलं न्यायला परत आली आणि जेवायला बसली. फोटोवाल्यानं दोघींना जवळ सरकायला सांगितलं, तर दोघींची पोटं एकमेकींना लागली आणि सगळी पडवी हसली.

पुढं शर्मिलाची गोळी बदलली. सुहास त्याच कारखान्यात सुपरवायझर झाला. दोन वर्षांनी शर्मिलाला मुलगी झाली, नीला. डॉक्टरीणबाईंच्या देखरेखीखाली झाली आणि तिच्या सगळ्या तपासण्या स्वच्छ निघाल्या. गनीभाईनं महाडला बांगड्यांचं दुकान टाकलं. नीलाला शाळेच्या कपड्यांत बघून, मग आनंदीबाई गेल्या. शरिफाचं पोट काही कमी झालं नाही.

तो फोटो शर्मिलाच्या खोलीत लावलेला असतो. शाळेत जायला लागल्यावर नीला येणाऱ्या जाणाऱ्याला तो दाखवायची. आईच्या पोटावर बोट ठेवून म्हणायची, ही मी. तिची चूक कोणी दुरुस्त केली नाही.

एकदा शरिफानं तिला विचारलं, "मग माझ्या पोटात कोण गो?"

नीलानं फोटोकडे नीट बघितलं.

"तिथं पण मीच, खाला. तुझ्याकडं मी जेवायला यायचे."