सगळ्यांस्नी आत घाला

गडमुडशिंगीच्या भाऊसोंच्या लेकीनं, निशानं, घरातून पळून जाऊन सूरजशी रजिस्टर लग्न केलं. भाऊसो बायकोला, झुंबरबाईंना, घेऊन तडक पोलीस ठाण्यात गेले.

"मुलगी सज्ञान आहे, मर्जीनं गेलीय," फौजदारांनी समजावलं.

"ह्यो कट हाय, साहेब! एकट्या सूरजची टाप न्हाय. ज्येनी ज्येनी हात लावलाय, त्या सगळ्यांस्नी आत घाला!" भाऊसोंनी टेबलावर हात आपटला. सूरजचं त्यांनी नाव ऐकलं होतं, तोंड कधी बघितलं नव्हतं.

"बरं. संशय कुणावर?"

झुंबरबाईंनी पदर सावरला. "बेत माझा, साहेब. पर पोरीची ट्रंक डोक्यावर घेऊन जीपपतोर ह्येनीच पोचवली. म्या सांगिटलं, भणीकडं भांडी धाडायची हाईत."

भाऊसोंच्या तोंडचं पाणी पळालं. जीपमधलं पोरगं खाली उतरून पाया पडलं होतं. पोराला वळण चांगलं आहे म्हणून त्यांनी तोंडभरून आशीर्वादही दिला होता.

फौजदारांनी हसू दाबत पेन उघडलं. "कटात सगळे सारखेच जबाबदार असतात. मग घालू सगळ्यांना आत?"

"कुणाला आत घालताय?" भाऊसो गरजले. "जावई हाय त्यो आमचा!"